एका पानात मोरोक्को

शेठ म्हणाले, पाहुणा सोमवारी येतोय,
त्याच्या देशाची माहिती काढून ठेव.
एका पानात. चहा पितापिता वाचून झाली पाहिजे.

मी बिलं करते, बारदान मोजते,
हळकुंड, गड्डा, कणी, असं वेगवेगळं लिहिते.
देश कसा लिहायचा ते मला कुणी शिकवलेलं नाही.
तरी मथळे पाडले.

राज्य.
राजा आहे. संसद आहे, दोन सभागृहांची.
मतदान होतं, पंतप्रधान होतो,
आणि शेवटचा शब्द तरी राजवाड्यातूनच येतो, असं वाचलं.
गफूरमामा पोत्यांवर पत्र्याच्या अक्षरांतून
काळा रंग मारत होते. म्हणाले,
"म्हणजे आपला जुना सौदा.
पुकारा सगळ्यांसमोर, भाव रुमालाखाली, बोटांनी."
मी ते लिहिलं नाही. पण कळलं तेवढंच.
आमच्या सांगलीलाही राजे होते. राजेपण गेलं, गणपती राहिला,
बाकीचं महापालिका बघते.

धंदा.
फॉस्फेट. जमिनीत इतकं की
जगभरच्या शेतांना पुरून उरावं.
भावाच्या डिग्रजच्या हळदीला जी पोती फोडली,
अठरा-सेहेचाळीसची,
त्यांत त्यांची माती असेलच असं नाही;
नसेल असंही नाही.
मग संत्री, मासे, मोटारी,
आणि परदेशी गेलेल्या पोरांनी घरी धाडलेले पैसे.
इथे मला विट्याकडची गलाईवाली माणसं आठवली.
त्यांना कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

भाषा.
अरबी. डोंगरातली अमाझिग,
हजारो वर्षं तोंडात होती, परवा-परवा सरकारी कागदावर आली.
साहेबी कामाला फ्रेंच.
नकाशात खाली एक तुटक रेष होती.
शेठ म्हणाले, "त्याबद्दल विचारायचं नाही हं."
नाही विचारणार. म्हैसाळच्या पुढे आमचीही एक रेष आहे,
तिथली माणसं दोन भाषांत भांडतात
आणि एकाच भाषेत उसनं मागतात.

जेवणखाण.
शुक्रवारी कुसकुस. पुढे काही सुचलं नाही.

सोमवारी तो आला. नाव लाहसेन.
हमालांनी तासाभरात त्याचा लसूणशेठ केला.
कुणीतरी समजावून सांगितल्यावर तोही हसला.
हळकुंड करकन मोडलं, आतला रंग उन्हात धरला,
म्हणाला, "खरकूम."
गफूरमामांनी तो शब्द तीनदा घोळवून पाहिला,
चौथ्यांदा त्यांचाच झाला.

दुधाचा चहा त्याने बाजूला ठेवला.
निवडणीच्या शेवंताबाईंनी पुदिन्याची जुडी आणून दिली.
त्याने किटली खांद्यापर्यंत उचलली
आणि तिथून पेल्यात धार सोडली.
एक थेंब बाहेर नाही. वर फेस.
एवढी साखर बघून शेठनी डोळे मिटले, आणि प्याले.

जाताना त्याला हरिपूरला नेलं,
बुजत आलेलं एक पेव दाखवलं.
पुरानंतर तिथे कुणी हळद ठेवत नाही.
तो गुडघ्यांवर बसला, तोंडाशी वाकून वास घेतला,
मग हवेत दोन्ही हातांनी आकार काढला:
निमुळता गळा, फुगीर पोट.
आमच्याकडे गहू, म्हणाला. मतमोरा. आजोबा. दुष्काळ.
त्याचं इंग्रजी आणि माझं, दोन्ही सारखीच तुटकी,
त्यामुळे नीट कळलं.
नंतर गाडीत बसेपर्यंत तो काही बोलला नाही.

माझं पान शेठच्या टेबलावर तसंच होतं,
वर कपाचं गोल उमटलेलं.
मतमोरा कशाखाली घालू?
धंद्यात? जेवणखाणात?
राजाचा माणूस पोचायच्या आधी
लोकांनी ज्या खड्ड्यावर भरवसा ठेवला,
तो राज्यात धरतात का?

बाहेर गफूरमामा कासाब्लांका लिहीत होते,
चारशे पोत्यांवर चारशे वेळा.
शेवटच्या पोत्याला रंग संपत आला,
अक्षरं निम्मीच उमटली.
त्यांनी लांब होऊन बघितलं.
"पोचेल," म्हणाले.